पुण्यातले सॅक्सोफोनवाले एकत्र कसे आणायचे? बँड, चर्च, ऑर्केस्ट्रा, जॅझ, क्लासिकल सगळेच

आल्टो_कोथरूड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारते, थोडं लांबेल.

मी बँकेत नोकरी करते आणि सात वर्षं झाली आल्टो सॅक्स (सॅक्सोफोनमधला लहान, वरच्या सुराचा प्रकार; टेनर त्याहून मोठा आणि खालच्या सुराचा) वाजवतेय. कॅम्पात एका सरांकडे शिकले, ट्रिनिटी या लंडनच्या संस्थेच्या संगीताच्या परीक्षांच्या पाच ग्रेड दिल्या, घरी कपाटात गोधड्या लावून रियाज करते कारण सोसायटीत दोनदा तक्रार झाली. सात वर्षांत सर आणि त्यांचे तीनचार विद्यार्थी सोडले तर मला शहरातला एकही सॅक्सवाला माहीत नव्हता, मला वाटायचं पुण्यात आहोतच आम्ही दहाबारा जण.

परवा विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडला उभी होते. एक बँड थांबला होता, पुढचं मंडळ अडकलेलं, आणि माझ्यासमोरच एक काका टेनर गळ्यात घेऊन उभे. पंचावन्नच्या पुढचे असतील. एका कीची (बोटाखालच्या बटणाची) स्प्रिंग तुटलेली म्हणून तिथे रबरबँड बांधलेला आणि त्याच सॅक्सवर माणूस सकाळपासून इतका गोड वाजवत होता की मी तीन चौक त्यांच्या मागे चालत आले होते. मी धीर करून विचारलं, काका रीड (तोंडाजवळची वेताची पातळ पट्टी) कुठली वापरता. ते दचकलेच. मग म्हणाले तुम्ही वाजवता का, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही फक्त रीडवर बोललो. रीड जड पडली तर ब्लेडने हलकेच कशी घासायची ते त्यांनी बोटाच्या नखावर करून दाखवलं. एकतीस वर्षं वाजवतायत, माझ्या घरापासून चार किलोमीटरवर राहतात.

घरी येऊन मी वहीत यादी करायला बसले. सरांना विचारलं, ऑफिसातल्या एकाला विचारलं ज्याचा भाऊ ऑर्केस्ट्रात आहे, चर्चमधल्या मैत्रिणीला विचारलं. चार दिवसांत तेवीस नावं झाली. लग्नाच्या बँडमधले, आर्मीतून रिटायर झालेले, रविवारी चर्चमध्ये वाजवणारे, हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रातले, फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेत वाजवलेली पोरं, दोन जण जॅझवाले. आणि यातला जवळजवळ कोणीही दुसऱ्या गटातल्या कुणाला ओळखत नाही!

तर मला या सगळ्यांना एका खोलीत आणायचंय. कार्यक्रम नकोय, स्टेज नको, तिकीट नको. फक्त महिन्यातून एकदा भेटावं आणि एकमेकांचं ऐकावं. पण सुरुवात कुठून करू कळत नाही. जागा कुठली, काय वाजवायचं, जो नोटेशन वाचतो आणि जो कानाने वाजवतो त्यांना एकत्र कसं बसवायचं. कुणी असं काही केलंय का? फसलं असेल तर तेही सांगा.

बँडवाल्याचा_पोरगा

ताई तुमचं वाचून लगेच लिहायला बसलो. माझे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचे, आजोबापण. मी स्वतः आता नोकरी करतो पण सीझनला माणूस कमी पडला की अजून ड्रेस घालून उभा राहतो.

दोन गोष्टी आधी सांगतो, राग मानू नका. पहिली म्हणजे वेळ. तुम्ही लोक भेटायचं म्हटलं की शनिवार रविवार संध्याकाळ धरता. बँडवाल्याला दाट तिथीला दिवसाला दोन दोन सुपाऱ्या असतात, तेव्हा तो येणार नाही, आणि आला तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, ती पार उन्हाळा संपेपर्यंत. आषाढीनंतर चातुर्मास लागला की तिथ्या नाहीत, तेव्हा आमचे लोक घरी बसलेले असतात, फक्त गणपतीत काम. आणि गणपती उठले की लगेच पितृपक्ष, म्हणजे आत्ता. या पंधरा दिवसात कुणालाच काम नाही. म्हणजे बोलवायचं तर आत्ताच, आणि मंगळवार बुधवार सकाळ ठेवा.

दुसरी गोष्ट मानाची. पुण्यात प्रभात, दरबार या बँडची नावं लहान पोरांना पण माहीत आहेत, लोक कौतुक करतात, पण ते कौतुक रस्त्यावरचं. त्याच माणसाला हॉलमध्ये बोलावलं की सगळे चांगले कपडे घालून, चकचकीत सॅक्स, प्रत्येकाच्या समोर स्टँडवर कागद, आणि हा बिचारा कोपऱ्यात. वडिलांना एकदा असं बोलावलेलं एका ठिकाणी. कुणी वाईट बोललं नाही पण कुणी काही विचारलंही नाही, दोन तास मांडीवर वाद्य घेऊन बसले आणि परत आले. नंतर कुठेच गेले नाहीत. म्हणून सांगतो, बोलवाल तर त्यांच्याकडून काहीतरी शिकायला बोलवा. तुम्ही त्या काकांना रीड विचारली ना, तेच बरोबर केलंत.

जागेचं माझ्याकडे उत्तर आहे. मंगल कार्यालयं! आत्ता सगळी रिकामी आहेत. बँडवाल्यांची मॅनेजर लोकांशी ओळख असते, वीस वर्षांचं येणंजाणं असतं, सकाळी तीन तासांसाठी हॉल नुसता मिळून जाईल, झाडून परत दिला म्हणजे झालं.

खडकीचा_हवालदार

जय हिंद. मी आर्मीच्या बँडमध्ये २२ वर्षे होतो, पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये कोर्स केला, आता खडकीत असतो. टेनर आणि बॅरिटोन (टेनरपेक्षाही खालच्या सुराचा मोठा सॅक्स) दोन्ही वाजवतो.

वरच्या भावाने मानाचं लिहिलं ते मनाला लागलं. एक सांगतो, हे वाद्य जन्माला आलं तेच बँडसाठी. अडॉल्फ सॅक्स साहेबांनी पॅरिसमध्ये १८४६ ला पेटंट घेतलं पण त्याच्या आदल्या वर्षीच फ्रेंच फौजेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन घेतला गेला होता. जॅझ पुष्कळ नंतर आला. आणि आपल्याकडे मनोहारी सिंग घ्या, सिनेमातल्या सॅक्सचं सगळ्यात मोठं नाव, त्यांची सुरुवात कलकत्त्याजवळ बाटा कंपनीच्या बँडमध्ये झाली, १९५८ ला मुंबईला आले आणि मग आर. डी. बर्मन यांच्याकडे वाजवणं आणि अरेंजिंग दोन्ही केलं. म्हणजे बँडमधला माणूस खालचा आणि बाकीचे वरचे हे या वाद्याच्या बाबतीत कुठूनच बसत नाही.

कामाचं सांगतो. फौजेत सकाळी बँड जमला की पहिले लाँग टोन. अर्धा तास एकच सूर लांब, सगळे मिळून. त्यात नोटेशनची गरज नाही, स्टाइल नाही, फक्त श्वास आणि ट्यूनिंग. कोण किती पाण्यात आहे ते तिथेच कळतं आणि कुणाची लाजही जात नाही कारण सगळे एकच सूर धरतायत. तुम्ही सुरुवात याने करा. माझ्याकडे बॅरिटोन आहे, तो आला की खालून आधार मिळतो आणि बाकीच्यांचा सूर आपोआप जागेवर बसतो. मी येतो. कधी येऊ सांगा फक्त.

गिरगावचा_टेनर

पुण्यातला नाही पण तुम्ही फसलेलं सांगा म्हणालात म्हणून लिहितोय, कारण आमचं मुंबईत एकदा साफ फसलं आणि का फसलं ते मला नंतर बऱ्याच दिवसांनी कळलं.

आम्ही पाच जण होतो, सगळे जॅझ ऐकून सॅक्सकडे आलेले. मुंबईत या गोष्टीला जुनी परंपरा आहे. गोव्यातली पोरं तिकडच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडे (संगीताच्या मास्तरांकडे) सॉल्फेज, म्हणजे सूर वाचून गायला, शिकून यायची, धोबीतलावच्या कुडात (गोवेकरांच्या वसतिगृहात) राहायची, रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमाचं रेकॉर्डिंग. एकाच माणसाच्या हातून दोन्ही. ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या सॅक्सोफोनवाल्याने तर जॅझमध्ये राग आणला. १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रा महोत्सवाला अमेरिकेचे मोठे सॅक्सोफोनवाले सॉनी रॉलिन्स मुंबईत वाजवून गेले. हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही म्हटलं चला सगळ्या सॅक्सवाल्यांना बोलावू आणि जॅम करू.

चौदा लोक आले. त्यात चार बँडवाले, दोन पोलीस बँडमधले, एक वसईच्या चर्चचे काका. आम्ही काय केलं, नेहमीचे जॅझचे कॉर्ड लावले, बॅकिंग ट्रॅक सुरू केला आणि म्हटलं कुणीही या, सोलो घ्या. आम्हाला वाटलं यापेक्षा मोकळं काय असणार. पण तो मोकळेपणा फक्त आमच्यासाठीच होता. बाकीच्यांना त्या कॉर्डमधून वाट काढायची सवय नाही, पोलीस बँडमधल्या दोघांना समोर कागद असता तर त्यांनी आम्हाला मागे टाकलं असतं, आणि बँडवाल्यांना गाण्याची चाल सांगितली असती तर त्यांनी एका फटक्यात उचलली असती. आम्ही पाच जणच आलटून पालटून वाजवत राहिलो. चहाच्या वेळी वसईचे काका मला म्हणाले, बाबा तुम्ही छान वाजवता, आणि गेले. दुसऱ्या वेळी सहा आले. तिसऱ्या वेळी आम्ही पाचच.

चूक आमची होती. आम्ही सगळ्यांना आमच्या घरी बोलावलं आणि आमचीच भाषा बोलत बसलो.

पण गंमत बघा ना, त्या पहिल्या दिवशी एकच वेळ अशी होती की चौदाच्या चौदा माणसं एका टेबलाभोवती गोळा झाली. एकाचा जी शार्पचा पॅड (भोक झाकणारी गोल गादी) चिकटत होता, मुंबईच्या दमट हवेत तो चिकटतोच, आणि बँडमधल्या एका काकांनी खिशातून पातळ कागद काढून पॅडखाली धरला, हलका दाब देऊन ओढला, दोनदा केलं आणि पॅड मोकळा. मग प्रत्येकजण आपापला आजारी सॅक्स घेऊन पुढे! त्यांना लाख गरम करून पॅड बसवता येत होता, वाकलेला रॉड सरळ करता येत होता. वीस मिनिटं असली धमाल चालली होती. आणि आम्ही काय केलं, म्हटलं चला आता परत जॅम सुरू करू.

आज परत करायचं झालं तर मी वाजवणं नंतर ठेवीन, पहिल्या दिवशी नुसतं दुरुस्तीचं टेबल मांडीन.

आल्टो_कोथरूड

डोळ्यात पाणी आलं वाचून, दोन तास मांडीवर वाद्य घेऊन बसलेले वडील डोळ्यासमोरून जात नाहीयेत. दादा तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. ते येतील का? शिकवायला, म्हणजे खरोखर शिकायला म्हणूनच विचारतेय, माझ्या सॅक्सचा सगळ्यात खालचा सूर, बी फ्लॅट, लागतच नाही नीट, गेले वर्षभर.

गिरगावच्या दादांचं दुरुस्तीच्या टेबलाचं मला एकदम पटलं. रीड पण एकत्र मागवता येतील. आल्टोचा डबा दहाचा येतो आणि टेनरचा पाचचा, टेनरवाल्याला एकेक रीड किती महाग पडते ते मला माहीत आहे, आणि बँडमधले काका म्हणाले की ते एकच रीड दोन दोन महिने ओढतात. डबे एकत्र घेऊन लागतील तशा सुट्या वाटल्या तर?

एक अडचण. मी दोघा काकांना फोन केला, दोघेही म्हणाले येतो पण पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये. आता काय करू, कारण नंतर नवरात्र आणि मग सीझन.

बँडवाल्याचा_पोरगा

दुरुस्ती नवीन काम थोडीच आहे? जुनंच नीट करतोय आपण. घरीपण पितृपक्षात लोक सीझनच्या आधी वाद्यं उघडून साफ करतातच. तसं सांगा त्यांना, लगेच हो म्हणतील. आणि वाजवायचा मुहूर्त खंडेनवमीचा ठेवा. आम्ही त्या दिवशी सगळी वाद्यं मांडून पूजा करतो, आमच्यात निम्मे लोक मुसलमान आहेत ते पण आपापलं वाद्य घेऊन येतात, वर्षानुवर्षं. सकाळचा वेळ मोकळा असतो, संध्याकाळी देवीचं काम असतं काहींना.

वडील येतील. मी विचारलं नाही, तुमची पोस्ट वाचून दाखवली. त्यांनी विचारलं बी फ्लॅट लागत नाही म्हणजे आवाज फाटतो का वरचा सूर निघतो.

आल्टो_कोथरूड

वरचा सूर निघतो!

बँडवाल्याचा_पोरगा

मग वरती कुठेतरी हवा गळतेय म्हणाले, खालचा पॅड बदलत बसू नका. अंधारात आत छोटा एलईडी दिवा सोडून एकेक पॅड दाबून बघायचं, जिथून उजेड दिसेल तिथे गळती. त्या दिवशी करून देतील.

वाकडचा_मंगळूरकर

मी मूळचा मंगळूरकडचा, पुण्यात जन्म, मराठी शाळेत शिकलो. तुमच्या यादीत आमचे लोक दिसले नाहीत म्हणून लिहितोय. आमच्याकडे दक्षिण कन्नड, उडुपी भागात लग्नात आणि देवळात सॅक्सोफोन असतोच, जिथे पूर्वी नादस्वरम (सनईसारखं मोठं वाद्य) वाजायचं तिथे आता बऱ्याच ठिकाणी सॅक्स वाजतो. पुण्या मुंबईतल्या तुळू लग्नांमध्येपण वादक असतात. माझ्या बहिणीच्या लग्नात दोघे होते, मुहूर्ताच्या वेळी जे वाजवलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. दोन वादकांचा नंबर मी देऊ शकतो, पण त्यांना आधी विचारून.

कद्री गोपालनाथ यांचं नाव इथे अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. त्यांचे वडील नादस्वरम वाजवायचे, लहानपणी म्हैसूर पॅलेसच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्स ऐकला आणि पुढची कित्येक वर्षं त्या वाद्यावर कर्नाटक संगीताची गमकं बसवण्यात घालवली. १९९४ मध्ये लंडनला बीबीसी प्रॉम्समध्ये वाजवलं, २००४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये गेले. आणि परत तेच की त्यांनी पहिला ऐकला तो बँडमधलाच सॅक्स.

आता वाजवायचं काय याबद्दल माझं मत. भूप घ्या. सा रे ग प ध, पाचच सूर. आमच्याकडे त्यालाच मोहनम म्हणतात. जॅझवाल्यांना विचारा, त्यांची मेजर पेंटॅटोनिक तीच. चर्चची कितीतरी जुनी भजनं याच पाच सुरात बसतात, सिनेमातली गाणी तर मोजू नका, आणि बँडवाल्यांना तर असल्या चाली झोपेत येतात. कुणालाच नवीन काही शिकावं लागत नाही आणि कुणालाच वरचढ होता येत नाही. तानपुऱ्याचं ॲप लावा आणि गोल बसा.

सा कुठला धरायचा हे मात्र आधी ठरवा, नाहीतर पहिला अर्धा तास गोंधळ, कारण पेटीच्या एकाच सुराला सॅक्सच्या प्रकाराप्रमाणे वेगळं नाव पडतं. पेटीची काळी पाच धरली तर टेनर आणि सोप्रानोवाल्यांचा (सोप्रानो म्हणजे वरच्या सुराचा छोटा सॅक्स) तो सरळ सी होतो, आल्टो आणि बॅरिटोनचा जी. दोन्हीकडे बोटं सोपी, आणि बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यांना पण सी येतो, ते आले तर.

फर्ग्युसनचा_आल्टो

हे सा चं गणित कुणीतरी नीट लिहून द्या प्लीज, आमच्या ग्रुपमध्ये गिटारवाला नेहमी ई किंवा ए मध्ये वाजवतो आणि मला वाटायचं मीच कच्चा आहे म्हणून बोटं अडकतात. आणि मी नोटेशन वाचत नाही, यूट्यूब बघून शिकलोय, चालेल का?

खडकीचा_हवालदार

बेटा तू कच्चा नाहीस. गिटारचा ए म्हणजे तुझ्या आल्टोवर एफ शार्प, सहा शार्प लागतात. त्याचा ई म्हणजे तुझा सी शार्प, सातच्या सात. त्याला सांग एफ नाहीतर बी फ्लॅट मध्ये वाजव, कपो (गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा) लावून होतं.

गणित असं आहे. पेटीवर जो सूर ऐकू येतो त्याच्यासाठी आल्टो आणि बॅरिटोनवाल्याने खाली तीन पट्ट्या उतरायचं, काळ्या पांढऱ्या दोन्ही धरून. टेनर आणि सोप्रानोवाल्याने दोन पट्ट्या वर चढायचं. पांढरी एक म्हणजे आल्टोचा ए, टेनरचा डी. काळी दोन म्हणजे आल्टोचा सी. पांढरी चार म्हणजे आल्टोचा डी, टेनरचा जी. मी मोठ्या कागदावर तक्ता करून आणतो, एका रकान्यात पेटीची पट्टी, एकात सरगम, एकात इंग्रजी नाव, म्हणजे ज्याला जे वाचता येतं ते त्याने वाचावं. नोटेशन वाचत नसलास तरी ये. मी वाचतो पण मला कागदाशिवाय दोन ओळी वाजवता येत नव्हत्या पेन्शनीत येईपर्यंत, हे कुणाला सांगितलं नव्हतं कधी. तुझ्याकडून ते शिकेन.

आल्टो_कोथरूड

कळवायला उशीर झाला, माफ करा, पण आता दोन्ही भेटी झाल्यात तर सविस्तर सांगते.

पहिली भेट पितृपक्षातल्या बुधवारी, मी अर्धा दिवस रजा टाकली. कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमधली दोन टेबलं जोडली, वर जुनी चादर. अकरा जण आले. वाद्य कुणीच वाजवायचं नाही असं ठरलेलं, त्यामुळे कुणाला दडपणच नव्हतं, सगळे येऊन सरळ केस उघडूनच बसले. दादांच्या वडिलांनी माझ्या सॅक्समध्ये दिवा सोडला, हॉलचे पडदे ओढले, आणि वरच्या दोन पॅडखालून बारीक रेघ दिसली उजेडाची. लाख गरम करून पॅड हलवून बसवले. मग माझ्याकडे दिला आणि म्हणाले, बी फ्लॅट. वाजवायचं नाही ठरलेलं पण तो एक सूर मी वाजवला, वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण लागला, आणि हॉलमधले सगळे टाळ्या वाजवायला लागले. एका सुराला! एवढ्या टाळ्या मला परीक्षेतही मिळाल्या नाहीत कधी.

मिरवणुकीतले काका आले होते. त्यांचा रबरबँड अखेर निघाला, हवालदार काकांकडे जुन्या सुया होत्या त्यातली एक कापून स्प्रिंग बसवली. जॅझवाल्या दोघांपैकी एकजण, ज्याच्याकडे सगळ्यात महागडा सॅक्स आहे, तो तीन तास त्यांच्याशेजारी बसून फक्त बघत होता आणि मोबाईलवर लिहून घेत होता. जाताना त्याने काकांना विचारलं घरी येऊन शिकू का, आणि आता तो दर सोमवारी जातो. पैसे देऊन जातो, हे मला महत्त्वाचं वाटलं.

पैशाचंही बोलून टाकलं त्याच दिवशी. ठरलं असं की भेटीला यायचे कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत, पण दुरुस्ती करणाऱ्याला कामाचे पैसे द्यायचेच, आणि पुढेमागे कुठे वाजवायचं बोलावणं आलंच तर ज्यांचं पोट यावर आहे त्यांची बिदागी आधी. हे स्पष्ट बोललो ते बरं झालं, बँडमधले दोघे त्यानंतर जरा सैल बसले.

खंडेनवमीला सतरा जण. सगळी वाद्यं एका ओळीत सतरंजीवर, आल्टो, टेनर, दोन सोप्रानो, बॅरिटोन, एक मेरठला बनलेला, इतका जुना की त्याचं नावच पुसलं गेलंय, झेंडूची फुलं प्रत्येकाच्या बेलमध्ये (पुढच्या भोंग्यात). चर्चच्या मैत्रिणीने पण तिचा सॅक्स ओळीत ठेवला आणि तिने मेणबत्ती आणली होती ती समईशेजारी लावली. मग लाँग टोन. काळी पाच. सतरा सॅक्स एका खोलीत म्हणजे छातीत कंप जाणवतो, पहिली पाच मिनिटं सूर हलत होता, कुणी वर कुणी खाली, मग हवालदार काकांनी बॅरिटोन धरला आणि हळूहळू सगळे त्याच्यावर येऊन बसले. पुढच्या वेळी कानात घालायचे बोळे न्यायलाच हवेत, हे सगळ्यांना सांगते.

भूप चालला दीड तास. प्रत्येकाने आठ मात्रांची चार आवर्तनं, मग शेजाऱ्याने. मंगळूरच्या वादकाने मोहनम असा उचलला की रे वरून ग वर जाताना मध्ये कुठे पट्टीच नव्हती, नुसता ओठाने सरकला. त्याच्यानंतर फर्ग्युसनच्या मुलाची पाळी होती, तो म्हणाला मी पास, आणि मिरवणुकीतले काका म्हणाले पास नाही, दोनच सूर वाजव पण वाजव. त्याने सा आणि प वाजवला, खूप लांब, आणि छान वाजवला. मग बँडमधल्या काकांनी तेच दोन सूर उचलून त्यातून वरातीची लय काढली आणि जॅझवाल्याने तीच लय मागे ओढून उलटी बसवली, आणि तेव्हा सगळे एकदम पुढे सरकून बसले. मला तर माझी पाळी आली तरी कळलं नाही.

सगळं छान झालं असं नाही. ऑर्केस्ट्रातले एक सर मध्येच उठून गेले, त्यांना गाणी वाजवायची होती, एकाच रागात दीड तास त्यांना जमेना, आणि मला ते आधी विचारायला हवं होतं. त्यांना फोन केलाय, पुढची भेट त्यांनी चालवावी अशी विनंती केलीय, एक जुनं गाणं ते निवडतील आणि सगळ्यांना पाठांतराने शिकवतील. अजून हो म्हणाले नाहीत. शिवाय बायका आम्ही दोघीच आहोत, यादीत अजून तिघी आहेत, त्या का आल्या नाहीत ते एकेकीला विचारणार आहे.

आता तुळशीच्या लग्नानंतर बँडवाले मोकळे नसतील. म्हणून तोपर्यंत अजून एक भेट बसवायची, मग सीझनमध्ये उलटं करायचं असं ठरतंय की ते येऊ शकत नाहीत तर आपण जायचं, जिथे त्यांची वरात असेल तिथे आपल्यातले दोघे तिघे जाऊन रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकायचं.

बँडवाल्याचा_पोरगा

ताई वडिलांनी सांगायला सांगितलंय की उभं राहून ऐकायचं काही कारण नाही, ड्रेस देतो म्हणाले, मापं पाठवा.

आल्टो_कोथरूड

काकांना सांगा मी उद्याच पाठवते. आणि कुणाकडे जास्तीचा टेनरचा पट्टा आहे का, मिरवणुकीतल्या काकांचा तुटायला आलाय, ते मागणार नाहीत.

खडकीचा_हवालदार

माझ्याकडे आहे. बुधवारी देतो.